संकटकाळी देवाच्या प्रीतीच्या खुणा
(ज्युबिली समारंभात केलेले भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा उपकारस्तुतीचा दिवस होय. परंतु ज्या दिवसांत उपकार कोठेच दिसत नव्हते त्यांचाही हिशेब आज घेतला पाहिजे. नाहीतर आपली स्तुती ही केवळ सुखवस्तू माणसाची स्तुती ठरेल. म्हणून मी आपणांस २०२१ सालच्या जुलै महिन्याकडे नेतो.

त्या महिन्याच्या २० तारखेस आषाढी एकादशी होती व २१ तारखेस बकरी ईद. कोरोनाच्या साथीमुळे देवळे, मशिदी व आपली चर्चे या सर्वांचीच दारे भाविकांस बंद होती; ती पुढे ७ ऑक्टोबर रोजी उघडली. येथे गणपतीपुळ्यास यात्रेकरू येईनासे झाले, आणि ज्यांचा संसार खानावळीवर व खोल्यांच्या भाड्यावर चालतो त्यांच्या चुली मंदावल्या. अशा स्थितीत २२ जुलै रोजी सह्याद्रीवरील अतिवृष्टीने वाशिष्ठी फुगली, खाडीस भरती असल्याने पाण्यास वाट मिळेना, आणि चिपळूण शहर बुडाले. बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून पाणी गेले. एका रुग्णालयात ८ रुग्ण दगावले. त्याच अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून १७ माणसे गेली. पलीकडे महाड तालुक्यातील तळिये गावी ८० हून अधिक.

चिखल काढण्याच्या त्या दिवसांत चिपळुणातील एका वृद्ध बाईंनी मला विचारिले, "फादर, हे कोणाच्या पापाचे फळ?"

हा प्रश्न फार जुना आहे. सिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली तेव्हा लोकांच्या मनात हेच होते, आणि ती माणसे यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. पश्चात्ताप करा असे त्याने जिवंतांस बजाविले. मेलेल्यांस दोष लाविला नाही. धर्मगुरूने याच्या पुढे जाऊन अधिक शहाणपण सांगू नये, असे माझे मत आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून ते कारणमीमांसा करू लागले, आणि तेथे बिघडले.

मग सांत्वन येते कसे? एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडुपाखाली पडून मरण मागत होता. देवदूत आला, परंतु त्याने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू उशाशी ठेवून त्याने त्यास उठविले व खावयास सांगितले. एलीया जेवला आणि पुन्हा निजला. देवदूत पुन्हा आला, पुन्हा तेच. होरेब पर्वतावरची ती मंद वाणी त्यानंतर ४० दिवसांनी. आपण प्रवचनांतून त्या वाणीविषयी पुष्कळ बोलतो आणि भाकरीस विसरतो.

त्या बाईंच्या घरात गुडघाभर चिखल होता. शेजारच्या मोहल्ल्यातील चार तरुण तो फावड्यांनी ओढून काढीत होते. त्यांची स्वतःची दुकानेही बुडाली होती. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो आला. त्यात भाकऱ्या, चटणी, पिण्याचे पाणी व जुनी लुगडी. भाकरी कोणी भाजल्या, असे बाईंनी विचारिले. टेम्पोवाल्यास ते ठाऊक नव्हते. घाटावरच्या दोन-तीन गावांतून गोळा केल्या, एवढेच तो सांगू शकला. बाईंनी एक भाकर मोडली व अर्धी जवळच्या तरुणास दिली. पापाचा प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारिला नाही.

कोणी म्हणेल, ही तर माणसांची माणुसकी. येथे देवाचे नाव कशाला? बंधुभगिनींनो, शब्द देह झाला असे आपण मानतो. ज्याने देह धारण केला त्याची प्रीती चिखलाने माखलेल्या हातांनी आली, तर आपणांस नवल का वाटावे? ते हात कोणत्या धर्माचे, हे त्याने विचारल्याचे मला शुभवर्तमानात आढळत नाही. शोमरोनी मनुष्याचा दाखला तर उलटच सांगतो.

तथापि पोसऱ्यात ज्यांची माणसे मातीखाली गेली त्यांच्यापाशी भाकर घेऊन गेले म्हणजे सर्व झाले, असे मी म्हणणार नाही. त्या दारी पवित्र मरीयेचे स्मरण करावे. ती क्रूसाजवळ उभी होती. तेथे ती काही बोलल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. ती निघूनही गेली नाही. अशा घरी वर्ष सरल्यावरही जाणारा कोणी असावा, कारण पहिल्या आठवड्यातील गर्दी लवकर ओसरते.

या किनाऱ्यावर आपली संख्या अल्प आहे, आणि पावसाळा दरवर्षी येतो. ज्युबिलीच्या वर्गणीतून जे उरेल त्यातून २० फावडी, २० घमेली, दोरखंड व मोठ्या ताडपत्र्या घ्याव्यात, आणि त्या सभागृहाच्या मागील कोरड्या खोलीत मृगाच्या आधी ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. खोलीची एक किल्ली माझ्यापाशी राहील. दुसरी शेजारच्या वाडीत द्यावी, म्हणजे रात्री-अपरात्री गरज पडल्यास कोणास माझी वाट पाहावी लागणार नाही.