निश्चल देहाचे आश्चर्य



आपल्या नांदगावचे खंडेश्वराचे मंदिर यादवकालीन आहे. दगडात कोरलेली चांगली मूर्ती पाहून माणूस म्हणतो, ही आता बोलेल. मला आज बोलावयाचे आहे ते नेमक्या उलट कलेविषयी. येथे जिवंत माणूस दगड होतो आणि पाहणाराला वाटते, हा बोलणारच नाही.

अंगाला चंदेरी वा मातकट रंग लावून भर रस्त्यात पुतळ्यासारखे उभे राहण्याची ही कला युरोपात चांगली रुजली आहे. लंडनच्या गिल्बर्ट आणि जॉर्ज या कलावंतांनी 1969 मध्ये चेहऱ्यांस धातूचा रंग लावून स्वतःलाच शिल्प म्हणून लोकांपुढे मांडले. नेदरलँड्समधील आर्नहेम शहरी तर अशा पुतळ्यांचा महोत्सवच भरत आला आहे. आपणांस हे सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीतील चित्ररथावर तलवार उगारून ताटकळत उभा राहणारा आपला मुलगा तरी दुसरे काय करीत असतो?

हे उभे राहणे सोपे मात्र नव्हे. गुडघे ताठ आवळून धरले तर रक्त पायांत साचते आणि भोवळ येते. म्हणून गुडघे किंचित सैल ठेवावे लागतात, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर कोणाच्या ध्यानी येणार नाही इतक्या सावकाश न्यावा लागतो. श्वास छाती न हलविता पोटाने घ्यावयाचा. नजर गर्दीच्या डोक्यांवरून एका बिंदूवर खिळवायची. वऱ्हाडच्या उन्हात हे अर्धा तास करून पाहावे, म्हणजे कळेल! आणि मग एखादे पोर जवळ येऊन बोट लावते, पुतळा पापणी लववितो, पोर किंचाळून आईकडे धावते. सगळी गर्दी हसते. त्या एका पापणीसाठी सारा खटाटोप असतो.

आपल्याकडे हे आश्चर्य दारोदार नेण्याचे काम बहुरूप्याने केले. तो बोलका, पुतळा मुका. पण क्षणभर फसवून मग हसविण्याची रीत दोघांची एकच. त्याच्या वाट्याला मात्र काय आले? 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे वा खेळ करून दाखविण्याच्या मिषाने पैसे घेणेही भीक ठरविले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या राजधानीपुरती या कायद्याची अनेक कलमे रद्दबातल केली. त्याच वर्षी 1 जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे समजून, भिक्षुकीवर जगणाऱ्या डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अनोळखी वेषाचे कुतूहल जाऊन तेथे भय आले होते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आठवडी बाजारात आणि यात्रेत अशा कलावंतास चार हात सावलीची जागा नेमून द्यावी, त्याचे नाव ग्रामपंचायतीत वा नगरपंचायतीत नोंदवून घ्यावे, आणि तो येणार असल्याची दवंडी आदल्या दिवशी द्यावी. खर्च फारसा नाही. पुतळ्याला पाणी तेवढे विचारावे. तो स्वतः मागणार नाही.