विमानामागची पांढरी रेघ



उंचावरून जाणाऱ्या विमानामागे आकाशात पांढरी रेघ उमटते. तिला पुष्कळजण धूर म्हणतात. तो धूर नव्हे. तो ढग आहे, आणि माणसाने केलेला ढग आहे.

विमानाचे इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचेच भावंड. ते एक किलो जळले की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. इंधनाहून वाफ जास्त कशी, असे तुम्ही विचाराल. इंधनातील हायड्रोजनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ४० अंशांहूनही थंड असते. तेथे ही वाफ क्षणात गोठायला निघते. पण तिला बसायला जागा हवी. ती जागा देते काजळी. कंदिलाच्या काचेवर धरते तीच ही काजळी, फक्त कल्पनेपलीकडे बारीक. एक कोटीला एक कोटीने गुणावे, इतके कण पुष्कळ इंजिनांतून किलोभर इंधनामागे बाहेर पडतात. कणाकणावर पाण्याचा थेंब धरतो व लगेच त्याचा हिमस्फटिक होतो.

हवा कोरडी असली तर रेघ थोड्याच वेळात विरते. ती दमट असली तर मात्र स्फटिक हवेतलीच वाफ पिऊन वाढतात, पसरतात आणि तासन्‌तास टिकणारे तंतुमेघ होतात. हे ढग दिवसा थोडे ऊन परतवतात. पण पृथ्वीची उष्णता रात्रंदिवस अडवून धरतात. एकंदर हिशेब तापमानवाढीकडे झुकतो. किती, याचे आकडे अजून बरेच सैल आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तरी मला या प्रश्नात आशा दिसते. कार्बन डायऑक्साइड शतके रेंगाळतो. हा ढग उद्या नसतो. म्हणजे आज थांबवला तर लाभ आजच. २०१८ मध्ये जर्मनीत जर्मन अवकाश संस्था व नासा यांनी विमानामागे विमान उडवून मोजमाप केले. कमी काजळी करणाऱ्या मिश्र इंधनाने हिमस्फटिक निम्म्याहून अधिक घटले. जपानवरील उड्डाणांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर या ढगांच्या तापवण्यापैकी ८० टक्के भाग अवघ्या दोन टक्क्यांच्या आसपास उड्डाणांच्या माथी निघाला!

मग तेवढीच विमाने थोडी वर किंवा खाली का नेऊ नयेत? नेता येतील. अडचण एवढीच, की त्या उंचीवर उद्या हवा कोठे दमट असेल हे आधी नेमके सांगावे लागते, आणि वाट वाकडी केली की इंधनही थोडे जास्त जळते.