दाखवणे आणि समजणे



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापड व्यापारी. पदार्थविज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि माल दाखवण्यातच आयुष्य गेल्याने ‘दाखवणे’ या विषयावर चार शब्द निवेदन करतो. तागा दुरून दाखवला की गिऱ्हाईक मान डोलावते. पोत हाताला लागला की प्रश्न विचारते. वर्गातील प्रयोगाचेही तसेच आहे.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली नाताळ व्याख्याने सुरू झाली. पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडे यांनी तेथे साध्या मेणबत्तीवर मुलांसमोर व्याख्यानमाला गुंफली. साधन स्वस्त होते; विचार मौल्यवान होता.

परंतु केवळ प्रयोग दाखवल्याने ज्ञान होते काय? हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझुर व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की प्रयोग नुसता पाहणाऱ्यांचे आकलन न पाहणाऱ्यांपेक्षा फारसे वरचढ नव्हते. ज्यांनी आधी ‘काय घडेल’ याचे भाकीत केले, त्यांना तो अधिक उमगला.

एक उदाहरण देतो. दोरीला लहान कुलूप बांधून लंबक करावा. टांगलेल्या टोकापासून कुलपाच्या मध्यापर्यंत लांबी एक मीटर असावी. आमची मोजपट्टी येथे कामी येईल! मग विचारावे, “जड कुलूप बांधले तर लंबक भरभर हलेल की सावकाश?” प्रत्येकाने उत्तर वहीत लिहावे, शेजाऱ्याशी चर्चा करावी. नंतरच लंबक थोडासा ओढून सोडावा. दहा आंदोलनांना दोन्ही वेळा सुमारे वीस सेकंदच लागतात. लांबी पंचवीस सेंटीमीटर केली की मात्र दहाच सेकंद! अपेक्षा आणि अनुभव यांतील ही तफावतच विद्यार्थ्याला विचारप्रवृत्त करते. चुकलेल्या भाकिताला कोणी हसू नये, एवढे मात्र शिक्षकांनी कटाक्षाने पाहावे. एकदा हसे झालेले मूल पुन्हा हात वर करीत नाही.

दानशूर बंधूंनो, आपण प्रयोगशाळांना उदारहस्ते साहाय्य करता. ती उपकरणे काचेच्या कपाटात कुलूपबंद राहिली, तर ते दान अपुरेच ठरेल. म्हणून देणगी देताना इतकेच विचारावे : “हे मुलांच्या हाती केव्हा येईल?”