आजीच्या ओव्या आणि फाइलचं नाव

आम्ही रिसोडच्या बचत गटातल्या बाया. आज बोलायचं आहे व्हिडिओच्या फाइलला नाव देण्याबद्दल. ‘त्यात काय एवढं?’ असं आम्हालाही वाटायचं.

आमच्यातल्या दोघींनी दोन कॅमेऱ्यांवर दोन आजींच्या जात्यावरच्या ओव्या टिपल्या. दोन्ही कॅमेऱ्यांनी पहिल्या फाइलला एकच नाव दिलं, ०००१. दोन्ही कार्डं आम्ही कॉम्प्युटरवर एकाच फोल्डरमध्ये उतरवली. ‘आधीच्या फाइलच्या जागी ही ठेवू का?’ असं कॉम्प्युटरने विचारलं. आम्ही ‘हो’ दाबलं आणि कार्डं पुसली. एका आजीच्या ओव्या गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात आजीही गेली.

ओव्या जपायच्या कशा, हे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी दाखवलं. त्यांनी आणि सोबतच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. म्हणूनच ‘पारी’च्या मंडळींना पुढे कित्येक वर्षांनी मुळशी तालुक्यातल्या गायिकांच्या दारी जाऊन त्यांचे व्हिडिओ काढता आले.

आता आम्ही असं करतो. कॅमेरा सुरू झाला की आधी मोठ्याने बोलतो: तारीख, गाव, कोण गातंय. जिला लिहिता येत नाही, तिलाही हे जमतं. गाणारीला विचारूनच तिचं नाव घेतो.

त्याच संध्याकाळी फाइलला नाव देतो: २०२५-०३-०९_रिसोड_ओव्या_कॅमेरा१_०१. आधी साल, मग महिना, मग तारीख. म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात. शेवटी १ नाही, ०१ लिहायचं, नाहीतर कुठे कुठे १० नंबर २ च्या आधी येऊन बसतो. काही प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून नाव इंग्रजी अक्षरांत लिहितो.

एका दिवसाचं एक फोल्डर. त्यात चित्र वेगळं, आवाज वेगळा. वहीत फाइलचं नाव आणि समोर एक ओळ: कोण, काय, कुठला भाग चांगला. एडिटिंग करणारी ताई वही बघूनच कामाला लागते. दहा तासांचं चित्रीकरण तिला पहिल्यापासून बघत बसावं लागत नाही.

एकदा तिने काम सुरू केलं की नाव बदलायचं नाही. बदललं तर तिच्या प्रोग्रॅमला फाइल सापडत नाही. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो बारीक होऊन चित्र खराब होतं, म्हणून पेन ड्राइव्हच द्यायचा. दोन घरांत दोन कॉपी ठेवायच्या आणि दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

सख्यांनो, घरात हळद-तिखटाचे डबे आपण अंधारातही ओळखतो, कारण त्यांची जागा ठरलेली असते. फाइलींचंही तसंच करा. तुमच्या गावातली आजी अजून गाते आहे ना? मग याच आठवड्यात जा, आणि घरी आल्यावर झोपायच्या आधी फाइलला तिचं नाव द्या.