खडकापर्यंत पोहोचण्याची वाट
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात खडकांविषयी व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न सभागृहातील काही मंडळींच्या मनात आला असल्यास तो रास्तच आहे. त्याचे उत्तर बडोद्याच्याच इतिहासात सापडते. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ झाला. त्या योजनेत फिरती ग्रंथालये होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी रवाना होत. वाचकाला ग्रंथालयापर्यंत येणे जमत नसेल तर ग्रंथालयाने त्याच्याकडे जावे, हा त्यामागील विचार. आजच्या विषयातही सूत्र तेच आहे. फरक एवढाच, की येथे पुस्तकाच्या जागी डोंगर आहे आणि डोंगर पेटीत घालून पाठविता येत नाही.

भूशास्त्राचा विद्यार्थी वर्गात खडकांचे नमुने हाताळतो, नकाशे वाचतो, सूक्ष्मदर्शकातून खनिजे पाहतो. परंतु त्या विद्येची खरी शाळा उघड्यावर भरते. खडकाचा थर कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी कलला आहे, म्हणजे शास्त्राच्या परिभाषेत त्याची नती आणि नतिलंब, हे होकायंत्र व कोनमापक घेऊन जागेवर मोजावे लागते. दहा ठिकाणची मोजमापे नकाशावर मांडली की जमिनीखालची रचना हळूहळू ध्यानात येऊ लागते. म्हणूनच जगभरातील बहुतेक विद्यापीठांत क्षेत्र-अभ्यास हा पदवीचा आवश्यक भाग मानला जातो. पुढे नोकरी देणारेही तो झाला आहे काय, हे पाहतात.

आता कुबडीवर चालणारा, चाकाच्या खुर्चीत बसणारा, अंध किंवा बहिरा विद्यार्थी या शास्त्राकडे ओढला गेला तर काय घडते? बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. प्रवेशाच्या वेळीच त्याला प्रेमाने समजावले जाते, की बाळ, तुला दुसरा विषय सोयीचा पडेल. प्रवेश मिळालाच तर सहलीला नेऊन बसमध्ये बसवून ठेवतात. बाकीचे टेकडीवरून उतरेपर्यंत तो खिडकीतून टेकडी पाहतो. नाहीतर त्याला घरीच ठेवून सहलीच्या बदल्यात एक निबंध लिहून घेतात. तिन्ही ठिकाणी हेतू वाईट नसतो. पण निबंध लिहिलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पदवी येते, खडक येत नाही. आणि सहाध्यायांच्या गप्पांत ‘त्या उतारावर आपण चुकलो तेव्हा’ असा विषय निघाला की त्याला गप्प बसावे लागते.

भूशास्त्र म्हणजे धडधाकट, रांगड्या माणसांचा उद्योग, ही समजूत मात्र या शास्त्राच्या इतिहासालाच धरून नाही. अमेरिकेतील जॉन वेस्ली पॉवेल यांचा उजवा हात १८६२ साली शायलोच्या लढाईत गेला. १८६९ च्या मे महिन्यात हेच पॉवेल नऊ सोबत्यांसह चार होड्या घेऊन निघाले आणि ग्रँड कॅन्यनच्या प्रचंड घळईतून कोलोरॅडो नदीने पार झाले. वाटेत खडक पाहण्यासाठी ते कडे चढत. एकदा कड्यावर असे अडकले, की वरही जाता येईना आणि खालीही येता येईना. जवळ दोर नव्हता. तेव्हा वर पोहोचलेल्या सोबत्याने अंगातली लांब विजार काढून खाली सोडली आणि तिला धरून पॉवेल वर आले! पुढे १८८१ ते १८९४ या काळात ते अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. त्या विजारीने त्यांच्या विद्वत्तेत काही उणे आणले, असे कोणी म्हटलेले नाही.

तेव्हा आधी विचारावयाचे ते हे, की क्षेत्र-अभ्यासातून नेमके काय शिकवावयाचे आहे? डोंगर चढणे, की डोंगर वाचणे? चढणे हे साधन आहे. शिक्षकाने कागद घेऊन प्रत्येक मुक्कामासमोर तेथील शिकण्याची गोष्ट लिहून काढली, तर असे आढळते, की पुष्कळ मुक्काम निव्वळ परंपरेने चालत आलेले असतात. शिक्षकांच्या शिक्षकांनी तेथे नेले होते, म्हणून आजही नेतात. तोच थर, तोच विभंग कित्येकदा रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीत, खाणीच्या सपाट तळाशी किंवा रेल्वेच्या खोदाईत अधिक स्वच्छ दिसतो.

अंध विद्यार्थ्याचा प्रश्न सर्वांत बिकट, असे वाटणे साहजिक आहे. पण जीवाश्मांच्या अभ्यासात जागतिक कीर्ती मिळविलेले गीरत व्हर्मे हे हॉलंडमध्ये १९४६ साली जन्मलेले शास्त्रज्ञ वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पूर्ण अंध आहेत. येल विद्यापीठात प्रवेशासाठी ते गेले असता तेथील प्राध्यापकांना शंका होती; त्यांनी त्यांना संग्रहालयात नेऊन हातात शंख ठेवले. व्हर्मे यांनी ते बोटांनी चाचपून ओळखले आणि शंका मिटली. पुढे त्यांनी शंखांच्या कवचावरील दुरुस्तीच्या खुणा हातांनी तपासल्या. खेकड्याने कवच फोडण्याचा प्रयत्न केला, प्राणी वाचला आणि त्याने कवच पुन्हा सांधले, की तेथे वण राहतो. अशा खुणांच्या अभ्यासातून भक्षक आणि भक्ष्य यांच्यामधील कोट्यवधी वर्षांच्या चढाओढीचा सिद्धांत त्यांनी मांडला. डोळसांच्या नजरेतून सहज निसटावे असे बारकावे त्यांच्या बोटांना सापडले.

वस्तुतः भूशास्त्रज्ञ कधीच केवळ डोळ्यांनी काम करीत आलेला नाही. गाळाचा खडक अगदी बारीक चिकणमातीचा आहे की त्यात किंचित भरड कण आहेत, हे ठरविण्यासाठी जाणते लोक त्याचा कण चक्क दातांखाली घालून पाहतात; कचकच लागली की निर्णय झाला. शंखजिरे बोटांना साबणासारखे लागते. चुनखडीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफस कानांनी ऐकता येते. फोनोलाइट या खडकाला तर त्याच्या खणखणाटावरूनच नाव पडले आहे. आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे काय? लाव्हाच्या एकेका प्रवाहाचा माथा बहुधा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, पोट घट्ट असते. दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा मऊ पट्टा लागतो. दरडीवरून खालून वर हात फिरविणारा अंध विद्यार्थी घट्ट, सच्छिद्र, मऊ, पुन्हा घट्ट, असे मोजीत एक प्रवाह कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे सांगू शकतो. झिजलेल्या बेसॉल्टचे कांद्यासारखे पापुद्रे तर बोटांनीच अधिक चांगले कळतात. नकाशासाठी पुठ्ठ्यावर समोच्च रेषांच्या जागी सुतळी चिकटविली तरी काम भागते.

बहिऱ्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी आणि तिचा उपाय बिनखर्चाचा. प्राध्यापक खडकाकडे तोंड करून, विद्यार्थ्यांकडे पाठ करून बोलतात, वर वारा. ओठ दिसले नाहीत की सगळे व्याख्यान वाया. आधी सर्वांसमोर तोंड करून बोलावे, मग खडकाकडे वळावे, आणि टिपणे आदल्या दिवशी हाती द्यावीत. याचा लाभ मागच्या रांगेत उभ्या असलेल्या, चांगले ऐकू येणाऱ्या मुलांनाही होतो. मधुमेही विद्यार्थ्याची जेवणाची वेळ, अपस्माराच्या रुग्णाची औषधे, आणि मुक्कामापाशी स्वच्छतागृह आहे की नाही हेही आधीच पाहून ठेवावयाचे असते. हा शेवटचा मुद्दा सहलीच्या पत्रकात क्वचितच असतो, आणि त्यापायी किती मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे त्यांच्या मातांना विचारावे.

जेथे वाटच नाही, तेथे काय करावे याचे प्रयोगही झाले आहेत. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २००६ पासून असा उपक्रम केला, की चालू न शकणारा विद्यार्थी रस्त्याकडेच्या मोटारीत किंवा जवळच्या जागी बसे. सहकारी कॅमेरा घेऊन खडकापाशी जाई आणि दोघांमध्ये बिनतारी संपर्क राही. यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की कोठे पाहावयाचे हे मोटारीतला विद्यार्थी ठरवी. ‘डावीकडे घ्या, तो सांधा जवळून दाखवा, तेथे नती मोजा’ असे तो सांगे. हात दुसऱ्याचे, विचार त्याचा. मदतनीसच उत्तर सांगू लागला तर ती मदत राहत नाही. अमेरिकेतील भूशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या २०१४ मधील व्हँकुव्हर अधिवेशनाच्या वेळी समुद्रकाठापासून डोंगरात जाणाऱ्या महामार्गावर अपंग व धडधाकट अशा दोन्ही अभ्यासकांची एकत्र सहल निघाली; सर्वांना पोहोचता येईल असेच मुक्काम निवडले होते. पुढे २०१६ मध्ये ॲरिझोनात आणि २०१७ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम भागात अपंग व इतर विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून असेच अभ्यासवर्ग झाले.

तरीही पडद्यावरचा डोंगर हा दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग समजावा. दमलेल्या सोबत्यांबरोबर चहा पिताना, ओल्या बुटांनी बसमध्ये बसून वाद घालताना जे शिकले जाते, ते कॅमेऱ्यातून येत नाही. मात्र एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. २०२० साली महामारीत सर्वांचीच दारे बंद झाली, तेव्हा अनेक विद्यापीठांनी अवघ्या काही महिन्यांत संगणकावरील क्षेत्र-अभ्यास तयार केले. एकट्या अपंग विद्यार्थ्याने मागितले असता जे फार अवघड आणि फार खर्चाचे ठरत असे, ते सर्वांना हवे झाल्यावर जमले!

आपल्या देशात १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या. सरकारी कागदांत आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. जागा राखली, शब्द बदलला. पण जिना होता तेथेच असेल तर विद्यार्थी विज्ञान शाखेच्या दारातूनच परत फिरतो, आणि भूशास्त्राच्या वर्गात असा विद्यार्थी आलाच नाही म्हणून सोय केली नाही, असे पुढच्या वर्षी सांगितले जाते.

बडोद्यापुरते बोलावयाचे तर पावागड सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. खाली बेसॉल्टचे थर आणि माथ्यावर फिकट, सिलिकायुक्त र्‍हायोलाइट, असा लाव्हाच्या इतिहासाचा दुर्मीळ पट तेथे एकाच डोंगरात उभा आहे. माचीपर्यंत मोटाररस्ता आहे, तेथून वर रोपवे जातो. रोपवेच्या वरच्या टोकापासून देवीच्या मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत. पण खडकाचा अभ्यास मंदिरापर्यंत गेल्याशिवाय होत नाही असे नाही. पावसाळा संपल्यावर एखाद्या शिक्षकाने दोन विद्यार्थ्यांना घेऊन एक दिवस नुसती पाहणी करावी: रस्त्याच्या कोणत्या वळणावर बस सुरक्षित थांबते, दरड तेथे पक्की आहे का, रोपवेच्या पाळण्यात चाकाची खुर्ची घेता येते का, माचीवरचे स्वच्छतागृह कोणत्या अवस्थेत आहे. रस्त्याची कड आणि खडक यांच्यामध्ये गटार आडवे येत असेल, तर एक जाड फळी बसच्या टपावर टाकून न्यावी.