विजय चौकातली संध्याकाळ

प्रजासत्ताक दिनाचं संचलन आपण हौसेनं पाहतो आणि दुपारी टीव्ही बंद करतो. पण त्या सोहळ्याची सांगता होते ती तीन दिवसांनी, 29 जानेवारीच्या संध्याकाळी, दिल्लीच्या विजय चौकात. तिथं ना रणगाडे, ना चित्ररथ. असतात ते बँड. मला विचाराल तर पाहण्यासारखं, त्याहून ऐकण्यासारखं, हेच.

'बीटिंग रिट्रीट' म्हणजे संध्याकाळच्या परतीची ही प्रथा मूळची सतराव्या शतकातल्या इंग्लंडची. दिवस मावळला की ढोल वाजवून सैनिकांना छावणीत परत बोलवायचे. म्हणजे पलटणीचं वाद्य आधी हुकमाचं, करमणुकीचं नंतर. दिल्लीतला सोहळा 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेनेडियर्सच्या मेजर रॉबर्ट्स यांनी बसवला.

यातले पाइप बँड जरूर लक्ष देऊन ऐका. बॅगपाइप आपल्याकडे आणली ब्रिटिश फौजेनं, पण गुरखा, गढवाली, शीख पलटणींनी ती केव्हाच आपलीशी केली. काखेत हवेची पिशवी, बोटांखाली चाल आणि मागे अखंड घुमणारा एकच सूर. तानपुऱ्यावर पोसलेल्या कानाला तो परका वाटेल कसा?

अंधार पडू लागतो. बिगुलवर 'रिट्रीट' ही परतीची धून वाजते, झेंडे खाली येतात. मग मुख्य बँडमास्टर राष्ट्रपतींसमोर येऊन बँड परत नेण्याची परवानगी मागतो. ती मिळाली की 'सारे जहाँ से अच्छा'च्या चालीवर सगळे रायसीना टेकडी चढू लागतात.

गांधीजींना प्रिय असलेलं 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती प्रार्थनागीत इथं वर्षानुवर्षं वाजे. 2022 साली ते वगळलं आणि 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं. या गाण्याचे संगीतकार सी. रामचंद्र आपल्या पुणतांब्याचे, लताबाईंनी ते दिल्लीतच 1963 साली पहिल्यांदा गायलं. त्याचा आनंद आहेच. तरीही एक काढून दुसरं बसवायची गरज नव्हती. तासाभराच्या कार्यक्रमात दोन्ही सहज मावली असती.

येत्या 29 जानेवारीला संध्याकाळचा तेवढा वेळ मोकळा ठेवा. आणि हो, शेवटचा बँड टेकडीपलीकडे जाईपर्यंत जागचे उठू नका.