वीट घेताना काय विचारावे?



आपल्या लोणावळ्यात बांधकाम कधी थांबत नाही. तुंगार्लीकडे बंगले उठतात, आपल्याकडेही कुणाची एखादी खोली वाढते. विटांचा ट्रक आला की आपण विचारतो, "हजारी भाव काय?" थापली कुणी, ते विचारीत नाही.

मावळातल्या, घाटाखालच्या कर्जत-खालापुरातल्या कितीतरी कातकरी वाड्या पावसाळा सरला की ओस पडतात. नवरा-बायको पोराबाळांसह वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा घेतलेली उचल अंगावर असते. आठवड्याला खर्ची मिळते. मजुरीचा हिशेब मात्र पाऊस तोंडावर आल्यावर. वही मालकाकडे! फिटली नाही ती बाकी पुढल्या साली. सगळ्याच भट्टीवाल्यांना आम्ही एका मापाने मोजत नाही. नुसती उचल देणे हा गुन्हाही नव्हे. पण त्या पैशापायी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येईना, की ती वेठबिगारी झाली. १९७६ च्या कायद्याने असले कर्ज रद्द ठरते, आणि ते वेठीचे नव्हते हे शाबीत करायचे मालकाने.

वेठ म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवायला नको होते. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. वतने गेली १९५८ च्या कायद्याने. संविधानाच्या कलम २३ ने वेठीला बंदी केली. किमान वेतनाहून कमी देऊन राबवणे हीसुद्धा वेठच, असे सुप्रीम कोर्टाने १९८२ साली आशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. पुढल्याच वर्षी फरीदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांबद्दलचे साधे पत्र कोर्टाने अर्ज म्हणून चालवले. म्हणजे खडीलाही हेच लागू.

तेव्हा भट्टी कुठली ते विचारा. जमले तर जाऊन या. थापणाऱ्या बाईला विचारा: उचल किती? हजाराला काय मिळते? मध्येच गावी जाऊ देतात का? पोरं शाळेत जातात का? तिच्याऐवजी मालकच उत्तरे देऊ लागला, तर समजून घ्या. भाव फारच उतरलेला असला तरीही चौकशी करा.

मात्र नुसता माल घेणे बंद करून तिची सुटका होत नाही. कर्ज तिच्या अंगावरच राहते. तिची तयारी असेल तरच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. जिल्ह्याला आणि प्रांताच्या पातळीवर दक्षता समिती असावी, असे कायदाच सांगतो. आणि सुटकेनंतर मुक्ततेचा दाखला तिच्या हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये; पुनर्वसनाचे पैसे मागताना तोच लागतो.